नारिंगी काठ, पिवळा काठ

४ जानेवारी १९९९
सरफराजची नाव पुन्हा अडकली! या वेळी त्या काठावर. गेल्या आठवड्यात आपल्या काठावर अडकली होती. बारी बारीनं पाहुणचार चालू आहे.

प्राणहिता एक, पाणी एक, पण सहलीच्या नावेचे नियम दोन. सिरोंच्याच्या काठाला सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जाकीट हवं. पलीकडे आंध्रात पिवळं. इथं नावेत बारा माणसं चालतात, तिथं सोळा. म्हणजे तिकडून सोळा घेऊन कायद्यानं निघालेली नाव इकडे पोहोचेपर्यंत गुन्हेगार होते. चार माणसं मधे कुठं उतरवायची?

"काऊन अडवली रे?" विचारलं तर म्हणाला, "रंग चुकला म्हून."

शिवरात्रीच्या मेळ्याआधी दोन्हीकडचा परवाना मिळाला नाही तर मालक नाव विकणार. मग सरफराज पुन्हा बांबूच्या ट्रकवर जाईल, दोन-दोन महिने तोंड दिसणार नाही. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघं भावंडंच. मला ते नको.

गंमत म्हणजे त्याला पोहता येत नाही. अख्ख्या सिरोंच्यात हे मला आणि त्यालाच माहीत. दोन्ही काठांच्या नियमांत नाववाल्याला हा प्रश्नच नाही!

६ जानेवारी
सुचलं! शेरवाणीला अस्तर लावताना सुचलं. जाकीट दुतोंडी शिवायचं. एकीकडून नारिंगी, पलटवलं की पिवळं. मधोमध नदीत पलटवायचं. जरीना टेलर जिंदाबाद!

सरफराज म्हणाला, "आपा, हे तं लबाडी झाली."
मी म्हणाले, "लबाडी नाई, शिलाई."

९ जानेवारी
मंगली आली, डोक्यावर सावरीच्या कापसाचं गाठोडं. तिच्या गावातल्या बाया दर उन्हाळ्यात जंगलातून गोळा करतात, मी उशा भरायला घेते. पाण्यात बुडत नाही तो कापूस. तरी खताच्या पोत्यातलं प्लास्टिक कापून, आत कापूस भरून, मेणबत्तीवर कडा चिकटवल्या. एक बादलीत दाबून धरलं. हात सोडला की टुणकन वर!

मंगलीला सगळी रंगांची कथा सांगितली. ती हसून खालीच बसली. "आमी तं भोपळा बांधून नदी पार करतो, बाई. भोपळ्याले कोनता रंग लावाचा?"

कापूस पुरा पडणार नाही असं दिसतंय. आणखी घेऊन येते म्हणाली.

१२ जानेवारी
आज स्वतः नावेत बसून पाहिलं. चंद्रपूरचे मास्तरलोक सहलीला आलेले. मधोमध पोहोचल्यावर सरफराजनं शिट्टी फुंकली, "पलटवा!" तर सगळे मास्तर एकदम उभे! नाव अशी कलली की एकाचा डबा गेला पाण्यात, भाजीसकट. एक मास्तर हात वर करून जाकिटात अडकलेला, नुसता ओरडतोय. मी रोज्यात असून हसून हसून घसा सुकवून घेतला.

पण काठावर पिवळे साहेब (त्या काठाच्या साहेबांना आम्ही असंच म्हणतो, आणि आपल्याकडच्यांना नारिंगी साहेब) समाधानानं मान हलवत होते. कायद्याप्रमाणे सगळे पिवळे!

घरी येताना मात्र वाटलं, बुडू नये म्हणून जाकीट, आणि जाकिटापायीच बुडायची पाळी. सरफराजला बजावलं, बसून पलटवायला सांग.

१५ जानेवारी
गोष्ट फुटली. दोन्ही साहेबांना दुतोंडी जाकिटाचं कळलं. मला वाटलं आता मशीनच उचलून नेतात. तर उलटंच! नारिंगी साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक गुळगुळीत पुस्तक. युरोपातल्या पंधरा देशांनी म्हणे सहलीच्या बोटींसाठी एकच नियम केलाय. एका देशात पास झालेली बोट दुसऱ्या देशात कोणी अडवत नाही.

"पंधरा देशांना जमतं, बाई. आम्ही तर दोनच काठ आहोत."

"त्यांच्यात जाकिटाचा रंग कोणता, साहेब?"

साहेबांनी पुस्तक मिटलं.

ठरलं असं: ६ फेब्रुवारीला दोन्ही साहेब सरफराजच्या नावेत बसून तपासणी करणार, आणि एकच नियम लिहिणार. जमलं तर शिवरात्रीच्या मेळ्याला नाव सुटणार. त्याआधी १८ तारखेला सतरा जाकिटं जमा करायची, सोळा लोकांची, एक नाववाल्याचं. सोळा झालीत. एक राहिलंय.

१७ जानेवारी
मंगलीचा पत्ता नाही. कापूस संपला. ईदचे कपडे अजून अकरा शिवायचे. आणि उद्या सतरा जाकिटं!

सतराव्यात चिंध्या भरल्या.

लिहून टाकलं. ईदच्या कपड्यांची कातरणं, त्यात सरफराजच्या आकाशी कुर्त्याचीसुद्धा. वरून दाबलं तर तसंच फुगीर लागतं. साहेब मोजणार तर आहेत. मंगली आली की उसवून कापूस भरीन. दोन दिवसांचा तर प्रश्न.

१८ जानेवारी
साहेबांनी मोजली. मग प्रत्येकाच्या शिवणीवर शिक्का मारला! "शिवण उसवलेली दिसली तर सगळी बाद." आणि सतराची सतरा एका खोलीत बंद करून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात.

चिंध्यांचं कोणतं ते मला बघून ओळखू येत नाही. सगळी एकाच मापाची, एकाच हाताची. इतकं सारखं शिवल्याचा पहिल्यांदाच पस्तावा होतोय.

२० जानेवारी
ईद. शिरखुर्मा छान झाला म्हणे सगळे. मला चव लागली नाही. सरफराज आकाशी कुर्त्यात फिरतोय, आणि मला जाकीट दिसतंय.

२३ जानेवारी
मंगली आली. दोन गाठोडी! तिच्या सासूला ताप होता. आता काय करू या कापसाचं?

सांगून टाकावं का साहेबांना? सांगितलं तर सगळी बाद, तपासणी बाद, मेळा बाद, सरफराज ट्रकवर. नाही सांगितलं तर सतरांतला एक माणूस चिंध्या घालून नदीत. गेले पाच दिवस हेच.

५ फेब्रुवारी
शेवटी सरफराजला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या जाकिटं मीच वाटतो, आपा. तू चूप राय."

६ फेब्रुवारी
नीट क्रमानं लिहिते.

सकाळी कुलूप उघडलं. सरफराजनं एकेक जाकीट उचलून एकेकाच्या हातात दिलं. दोन्ही साहेब (पिवळ्यांनी निघतानाच पिवळी बाजू वर घेतली), त्यांचे शिपाई, कारकून, आणि मी. मी प्रत्येकाच्या छातीकडे बघत होते. हा? की हा?

मधोमध पोहोचलो. नारिंगी साहेब म्हणाले, आता पलटवा. पिवळे साहेब म्हणाले, "वद्दु, वद्दु! नको, हद्द अजून पुढं आहे." दोघं उठून बोटानं हद्द दाखवायला लागले. पाण्यात! सरफराज ओरडला, "साहेब, खाली बसा!" तर नारिंगी साहेब म्हणतात, बसून पलटवावं असं नियमात कुठं आहे?

नाव कलली. दोघंही गेले.

दोघांतल्या एकाचं जाकीट चिंध्यांचं असेल तर? आणि मग वर आले, एक नारिंगी भोपळा, एक पिवळा भोपळा, टोप्या वाहत चाललेल्या. सरफराजनं पाय फळीखाली अडकवले, कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून एकेकाला ओढलं. पिवळे साहेब आडमाप. ओढताना तोच खाली जातो की काय असं वाटलं.

काठावर दोघं चादरी पांघरून कुडकुडत बसले. मी चहा नेला आणि हळूच म्हणाले, "साहेब, डावीकडं नारिंगी अन् उजवीकडं पिवळं शिवलं तं? पलटवाचं कामच नाई."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओल्या कागदावर सह्या झाल्या! जाकीट अर्धं-अर्धं. माणसं चौदा, बारा आणि सोळाच्या मधली. उठायची मनाई. नाव मेळ्याला सुटणार! पंधरा देशांना कळवा कोणीतरी.

८ फेब्रुवारी
नवे रंग लावायला जाकिटं परत आली. आधी लोकांची सोळा उसवली. सोळाहीत सावरीचा कापूस.

सतरावं दारामागच्या खुंटीवर, सरफराजचं. उसवलं. आकाशी चिंध्या.

"हातात घेतल्याबरोबर जड लागलं, आपा," तो म्हणाला. "लोकायले कसं देऊ?"

त्याच्यासमोरच रडले. मग मंगलीचं गाठोडं सोडलं आणि मशीनवर बसले.