चहातलं मीठ

लातूर, सोमवार

प्रिय वकार,

नांदेडात चष्मे विकून तू लोकांना जग स्पष्ट दाखवतोस, तेव्हा माझं अक्षर लागायला अडचण पडू नये. फोनच केला असता. पण फोनवर तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून सुटतोस. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही. गुरुपादप्पा सरांकडून आत्ताच आलो. एका जागी बसवत नाही म्हणून लिहायला बसलोय, एवढा वदतोव्याघात पदरात घे.

सरांची ती गोष्ट तुला आठवत असेलच. शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याचा पोरगा तत्त्वज्ञान शिकून घरी गेला आणि बापाला म्हणाला, जग म्हणजे मनातली जाणीव. बाप म्हणाला, “बरं हाय. मग औंदा जवारी मनातच पेर.” सर हे सांगून स्वतःच हसायचे, पण मत सोडलं नाही. सगळी नोकरी त्यावरच काढली : जाणणाऱ्यावाचून काही नाही, दगडाचा कठीणपणासुद्धा हाताच्या जाणिवेत असतो, दगडात नाही. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीत आपली बैठक. विरोधकाचं म्हणणं आधी पुरतं ऐकायचं, ही शास्त्राची रीत. म्हणून तुला ते मुद्दाम पूर्वपक्षाच्या स्टुलावर बसवायचे. मी शेजारी बसून सरांना लागतील ते श्लोक पुरवायचो, लग्नात अक्षता वाटणाऱ्यासारखा. आणि तू : “सर, मान्य न्हाई. नळाला पाणी दहा दिवसाला येतं, मनात तर रोज येतं. मग घागर का भरून न्हाई राहिली?” सरांच्या घरच्या, बसम्माकाकू, चहाचा पहिला कप तुलाच द्यायच्या. भांडणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, म्हणायच्या.

काकूंच्या मातीला तू आलास आणि फाटकातूनच परत गेलास. जी बाई रमजानात सगळी बैठक तुझ्या इफ्तारनंतर ठेवायला लावायची, तिच्यावाचूनची ओसरी तुला बघवली नसती, हे मला कळतं.

पण सरांना त्याच ओसरीत राहावं लागतं रे. दिवसभर येरझारा चालू असतात. काकूंचा तवा उचलतात, परत ठेवतात. परवा मध्येच थांबून म्हणाले, “वैजनाथ, माझं मत खरं असेल, तर बसम्मा तरी माझ्या मनाबाहेर होती का? का मी माझ्याशीच संसार केला?” मी घाबरून एक श्लोक काढला. तो नेमका त्यांच्याच बाजूचा निघाला. विद्येनं मला इतकं उघड्यावर कधी पाडलं नव्हतं. “बघ,” सर म्हणाले, “तूही माझंच बोलतोस.” तेव्हापासून ताट आलं की दोन घास चिवडतात आणि सारून देतात. मी सांगून पाहिलं, सर, काकू होत्या हो. पण जन्मभर माना डोलावणाऱ्याची साक्ष कोण धरतो?

आज येताना मला तो गुरुवार आठवला. सर रंगात आले होते, बाहेरून काही येतच नाही म्हणत होते, आणि काकू आतून ऐकत होत्या. चहा आला. पहिल्याच घोटाला सरांचं तोंड वाकडं झालं. साखरेच्या जागी मीठ! तू स्टुलावरून लगेच, “सर, हे मीठ तुमच्या मनातलं, का काकूंच्या?” काकू दारात, पदर तोंडाला लावून. तेवढा एकच डाव सरांनी काकूंना दिला. हसत हसत त्यांनी तो खारट कप तळापर्यंत संपवला होता. त्या मिठाचं मी विचारलं तर सांत्वन ठरेल. तू विचारलंस तर वाद होईल, आणि वाद म्हटलं की सर अजून ताठ बसतील. स्टूल पुसून ठेवलंय. या गुरुवारी दुकान बंद ठेव, ये, आणि त्यांना एवढंच विचार, ते मीठ कुणाचं होतं.

तुझाच, आणि निदान या वादात तुझ्याच पक्षाचा,
वैजनाथ