डावं पायडल

अण्णा, काल दुपारी मी तुमची पायपेटी उघडली. लग्नात तुम्ही जावयाला दिलेली, तीच. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यांना जाऊन तीन. आता माझी सून ती वाजवते. अंगणवाडीत शिकवते, गळा बरा आहे, आणि येत्या एकादशीला बायकांच्या भजनाला हीच पेटी न्यायची असं तिनं ठरवलं आहे. पण एकट्या उजव्या पायानं भाता मारून तिची पोटरी भरून येते. सकाळी निघताना म्हणाली, "आत्या, तुमी पेटीवाल्याच्या लेक ना? मग हे डावं पायडल कावून मेलंय? बघा की जरा उघडून." मी हो म्हणाले. काय बघायला मिळणार आहे ते मला कुठं ठाऊक होतं!

गेवराईची आपली ती एकच खोली मला अजून दिसते. एका अंगाला माझी चूल, दुसऱ्या अंगाला तुमच्या उघड्या पेट्या. डाळ उतरवली की त्याच चुलीवर तुम्ही लाकूड चिकटवायचा सरस वितळवायला ठेवता, आणि मी नाक मुरडत भाकरी थापते. पितळी सूर, पेटीच्या आत वाजणाऱ्या त्या बारीक पट्ट्या, तुम्ही वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवायचात. सातवीनंतर माझी शाळा सुटली, ते तुकडे वाचूनच मी पुढचं वाचायला शिकले. अर्ध्या बातम्या वाचायची नि उरलेल्या मनानं जुळवायची. सुरांचंही तसंच, बघत बघत कळलं. टोकाशी घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो. दोन सूर एकदम वाजवले की मधे एक लहर थरथरते, ती थांबली की सूर मिळाले. तुम्ही कानस हातात देण्याआधी दर वेळी एकच सांगायचात, "घासलेलं पितळ माघारी येत न्हाई. आधी ऐक."

डाव्या पायडलाचा विषय तर आमच्या घरात चेष्टेचाच होता. धोंड्याच्या महिन्यात आम्ही गेवराईला आलो होतो. जावयाला आहेर झाला, पुरणाचे धोंडे वाढले, शेजारपाजारचे चारजण पंगतीला होते. तुमच्या जावयानंच सगळ्यांदेखत विचारलं, "सासरेबुवा, साऱ्या तालुक्याच्या पेट्या नीट करता, आन जावयाचं एक पायडल व्हईना का तुमच्यानं?" तुम्ही वाढता वाढता हसलात. "काय करू जावईबापू, ते जन्माचंच रुसलंय. लई मनवलं, ऐकंना. तुमी उजव्यानंच हाणा." पंगत हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीपाशी तुम्हाला गाठून मी म्हणाले, "अण्णा, एकदा करून टाका की नीट. लाज वाटती मला." तुम्ही तुपाची वाटी उचललीत. "बघू कवातरी," म्हणालात.

पुढं तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मीच स्क्रू काढायला बसले होते. तुम्ही दारातूनच ओरडलात, "हात लावू नको तिथं!" तुमचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता नि नंतरही नाही. मला वाटलं, लेकीनं कारागिरी दाखवावी हे बापाला सोसलं नाही. मी स्क्रू परत बसवला आणि चार दिवस तुमच्याशी तुटक बोलले.

काल फळी काढली. डाव्या पायडलाला काहीही झालेलं नाही, अण्णा. पट्टा शाबूत, भाता शाबूत. पट्ट्याची कडी काढून तो मागं दुमडला आहे, त्यावर मऊ चामड्याची पट्टी आणि सहा बारीक तांब्याचे खिळे, सारख्या अंतरावर. पायडलाखाली लाकडाची पाचर, वजन पडलं तरी हलू नये म्हणून. उजव्याच्या आत दोन स्प्रिंगा, पट्टा दोन भोकं आवळलेला, म्हणजे थोडं दाबलं तरी हवा भरावी. चुकून झालेलं यातलं काहीच नाही.

तुमच्या जावयाचा डावा पाय लहानपणीच वाळला होता. आमच्या घरात त्या पायाबद्दल कुणी बोलत नसे, मीही नाही. मांडी घालून हातपेटी वाजवणं त्यांना जमत नव्हतं. पायपेटीवर मात्र ते स्टुलावर बसायचे, डावा पाय हातानं उचलून पायडलावर ठेवायचे नि धोतर नीट करायचे. वाजवताना तो पाय तिथं शांत असायचा. लोक म्हणायचे, पेटीचं पायडल बिघडलंय.

हे सगळं मला तेव्हाच उमजायला हवं होतं. पण काल डोकं चाललंच नाही, हातच चालले. मी खिळे काढले, पाचर काढली, कडी अडकवली. दोन्ही पायांनी हवा भरली. पेटी अशी घुमली की मी दचकलेच. आणि खर्जाचे सूर उतरलेले. वरच्या सुरांबरोबर धरले की लहर उठते, खाली जावं तितकी जास्त. वाटलं, एवढ्या वर्षांत सूर पडले असतील. कानस घेतली नि सर्वांत खालचा खर्ज टोकाशी घासून मिळवला. दुसरा हातात घेतला तेव्हा कसं कोण जाणे, डावा पाय काढून नुसत्या उजव्यानं वाजवून बघितलं. कमी हवेवर सगळे सूर एकमेकांत बसले होते, एक लहर नाही. फक्त मी घासलेला तेवढा चढा. हवा वाढली की खर्ज उतरतो, आणि तुम्ही ती पेटी त्यांच्या एका पायाच्या हवेवर मिळवून दिली होती. आणि मी आधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मला काही सुधरत नाही. त्यांना हे ठाऊक होतं का? माजलगावचा एक पेटीवाला एकदा म्हणाला होता, चहावर नीट करून देतो. ते म्हणाले, "राहू दे. सासऱ्याची खूण हाय." तेव्हा मी हसले होते. ठाऊक असेल तर पंगतीत चेष्टा करणारे ते नि हसून ऐकून घेणारे तुम्ही, दोघांनी मिळून हे पेललंत आणि मधे मी एकटीच शरमत राहिले. ठाऊक नसेल तर ते तुम्हाला अडाणी कारागीर समजतच गेले. यातलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. विचारायला दोघांतलं कुणी नाही.

सून यायच्या आत एवढंच ठरवायचं होतं, उरलेले सूर घासायचे की नाही. घासले तर भजनाला दोन्ही पायांच्या हवेवर पेटी नीट लागेल, आणि त्यांच्या पायाची हवा त्या पितळातून कायमची जाईल. मी कानस खाली ठेवली. मग कडी काढली, पट्टा दुमडला, पाचर सारली. खिळे त्याच भोकांत बसले.

सून आली. म्हणाली, "झालं का हो?"

"न्हाई गं. जन्माचंच रुसलंय ते. मला न्हाई जमलं."

"कशाच्या पेटीवाल्याच्या लेक तुमी!" ती खो खो हसली. मीही हसले. तिची पोटरी भरू नये म्हणून स्टुलाखाली वीट लावून दिली, पाय वरून पडला की जोर कमी लागतो. ती वाजवायला बसली.

एक राहिलं, अण्णा. त्या पंगतीनंतर वर्षानुवर्षं, कुणी पेटीचं विचारलं की त्यांच्या आधी मीच सांगायची, आमच्या अण्णांना तेवढं एक पायडल काही जमलं नाही.