ड्यूईचा हात

३ एप्रिल २००५, रविवार

हर्शेलने आज पुन्हा तोच विषय काढला. मेल्याला किती वेळा बजावलंय — रॉयस टॅकेटचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही!

मीटिंग नेहमीचीच. गसच्या बेदाण्याच्या शेडमागचं गॅरेज, घडीच्या खुर्च्या, डोनट, हर्शेलची पाणचट कॉफी. कॅनाल रॅट्स क्लबातले उरलेसुरले उंदीर म्हणजे हर्शेल आणि गस. मी उंदीरसुद्धा नाही. मुलींना घेत कुठे होते! मी बसते माझ्या भावाच्या, ड्यूईच्या जागेवर. पोरांनीच त्या वेळी ठरवलं होतं — मेंबर गेला तर त्याचा हात, म्हणजे मत, घरच्यांचं. आधी आई बसायची. आई गेल्यावर मी.

हर्शेल म्हणाला, "रॉयस हॅनफर्डला आहे, म्हाताऱ्यांच्या होममध्ये. फुप्फुसं गेली त्याची. पोरीचा फोन आला होता. त्याला त्याची क्लबची पाटी हवीय. मरताना जवळ."

"हवी असू दे."

"नॅडीन, अगं आता तरी..."

"आता तरी काय? ड्यूई परत आलाय का?"

पाटी काढून घ्यायला निम्मे हात पुरतात. परत द्यायला सगळे लागतात. एक जरी खाली राहिला तरी संपलं. हर्शेलने एकट्याने हात वर केला. मी दोन्ही हातांनी कप धरून बसले. गसने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नॅडीनचं जे, तेच माझं." दर वेळी हेच म्हणतो. भला माणूस.

४ एप्रिल

नाही म्हणजे नाही.

८ एप्रिल

डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते.

काय दिवस होते ते, पन्नासएक वर्षांपूर्वीचे! भंगारातून जुनी फोर्ड आणायची, छप्पर कापून बुटकं करायचं, मडगार्ड काढून फेकायचे, आत कुठल्या तरी ट्रकचं इंजिन कोंबायचं. आमच्या अंगणात गवत उगवायचंच नाही, इतकं तेल सांडलेलं. आई ओरडायची, "जेवायला हात धुऊन तरी या रे!" आणि सहा-सहा पोरं काळ्या हातांनी तिच्या स्वयंपाकघरात. रॉयस सगळ्यांत खादाड. आईने भाजलेली पीच पाई अर्धी तोच खायचा. आईचा लाडका होता. हे पण लिहायलाच हवं, होताच.

पाट्या गसच्या मामाच्या कारखान्यात ओतून घेतल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या. स्टीयरिंग धरलेला उंदीर आणि खाली क्लबचं नाव. मागच्या बंपरला दोन बोल्टांनी लटकवायची. पोरीसुद्धा आधी पाटी बघायच्या, मग पोराचं तोंड. पाटी क्लबची, पोराची नाही. क्लबाचं नाव घालवलं की बोल्ट काढायचे.

शर्यत रविवारी सकाळी, कालव्याच्या सडकेवर. का, तर शेरीफ चर्चमध्ये असायचा! आम्ही पण चर्चला म्हणूनच निघायचो. माझ्या पायात पांढरे बूट.

आणि ते पुढचे ब्रेक. गाडी हलकी व्हावी म्हणून सगळ्यांनी काढून टाकले होते. नुसत्या मागच्या ब्रेकवर पळवायचे. ब्रेक ठेवणारा भित्रा. आज कुणाला सांगितलं तर म्हणेल, वेडी होती का रे पोरं? होती. सगळी होती.

त्या रविवारी रॉयसचं इंजिन नवीन होतं. म्हणाला, "ड्यूई, आज माझी धूळ खा. नाश्ता केला नसशीलच!"

ड्यूई म्हणाला, "तुझ्या खटाऱ्याला धूळ उडवता तरी येते का?"

सगळे हसले. मी पण हसले.

पंपहाऊसच्या वळणावर ड्यूईला गाडी आवरलीच नाही. सरळ कालव्यात. आणि रॉयस पुढे निघून गेला, थेट पुलापर्यंत. तिथे गाडी हळू करून त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. मूठ वर! जिंकल्याची! इकडे माझा भाऊ पाण्यात आणि तिकडे त्याची मूठ वर. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

दफन झालं त्याच दिवशी रॉयसच्या बंपरची पाटी काढली. तो बाजूला उभा राहून बघत होता. ती पाटी अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे, तोंड भिंतीकडे करून. पुढच्याच आठवड्यात त्याने गाव सोडलं.

१२ एप्रिल

रॉयसच्या मुलीचा फोन. लॉर्ना. आवाज थकलेला. "मिस नॅडीन, ते रोज विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

म्हटलं, "सांग, ड्यूईची बहीण अजून जिवंत आहे."

ती म्हणाली, "मॅडम, मी तुमच्याशी भांडायला फोन नाही केला." मग मीच ठेवला.

वाईट बोलले. बोलले तर बोलले!

१४ एप्रिल

गस कूलरच्या जाळ्या बदलायला आला. मी सांगितलं नव्हतं. कधीच सांगावं लागत नाही. येताना स्ट्रॉबेऱ्या आणि त्याच्या बहिणीने भाजलेली रोटी. शिडीवर चढताना गुडघे कुरकुरतात त्याचे, मी खालून शिडी धरली. "सोड, पडलो तर दोघं पडू," म्हणाला.

विचारलं, "गस, तुला काय वाटतं रॉयसबद्दल?"

"तू ठरव."

"मी तुला विचारतेय."

"खालचा स्क्रू दे."

हा असाच. ड्यूई गेल्यावर दर रविवारी आमच्याकडे यायचा. आईशी दोन शब्द बोलायचा, मग ड्यूईच्या खोलीत जाऊन रेडिओ नीट करत बसायचा. रेडिओला काय धाड भरली होती! सगळा गाव म्हणायचा, अवाकियनांचा गस नॅडीनसाठी येतो. मलाही वाटायचं. रविवारी निळा फ्रॉक घालायचे. वाट बघितली मी. बरीच बघितली. एकदा पोर्चवर आम्ही दोघंच होतो, तो म्हणाला, "नॅडीन..." — आणि मग म्हणाला, "उद्या धुकं असेल."

त्याने लग्न नाही केलं. मी केलं, क्लाइडशी. बरं झालं, बरं गेलं, तोही गेला. गस कूलर दुरुस्त करायला येतोच आहे.

१७ एप्रिल

आज गेले हॅनफर्डला. कुणाला न सांगता. त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, एवढंच ठरवून.

रॉयसला ओळखलंच नाही. केवढा दांडगा होता, आता पलंगात शोधावा लागतो. नाकात नळी. त्याने मात्र लगेच ओळखलं. म्हणाला, "आईसारखी दिसतेस." तळपायाची आग मस्तकात गेली! माझ्या आईचं नाव घेतो!

मी बोलायच्या आधी तोच बोलायला लागला. एकेका शब्दाला दम लागत होता.

"मी हात वर केला होता, नॅडीन."

"माहीत आहे. पाहिलाय मी."

"आरशात धूळच धूळ. मला वाटलं, त्या धुळीत आहे तो. मागेच आहे. आता येईल आणि शिव्या देईल. मी थांबलो होतो त्याच्या शिव्यांसाठी."

बसले खुर्चीत.

जन्मभर बिटाचा ट्रक चालवला म्हणे त्याने. चाळिसाच्या वर काटा गेला नाही. मागून लोक हॉर्न मारायचे, मारू दिले. लॉर्ना म्हणाली, "बाबांच्या गाडीत शाळेला जायची लाज वाटायची आम्हाला." ती हसली आणि रडायला लागली.

निघताना त्याने विचारलं, "त्याला पाण्यातून काढलं कुणी? मला कुणी सांगितलंच नाही."

"गसने."

"गसने? त्याला तर पोहता येत नव्हतं."

मला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

नाही म्हणायला गेले होते, ते राहूनच गेलं.

१८ एप्रिल

स्वतःचाच राग येतोय. म्हाताऱ्या माणसाच्या नाकातली नळी बघितली आणि विरघळले! आई असती तर?

आईनेसुद्धा एकदा पीच पाई भाजली होती आणि म्हणाली होती, "अर्धी कोण खाणार आता?" मी तेव्हा रागाने उठून गेले होते.

२४ एप्रिल

ठरलं. हात वर करणार.

हर्शेलला फोन केला तर म्हातारा फोनवरच हुंदके द्यायला लागला. "अरे ऐक तरी पुढचं!" तर म्हणे, "नंतर सांग, आधी रडू दे." लॉर्नाला त्यानेच कळवलं. पुढच्या रविवारी मीटिंग झाली की तिघांनी मिळून पाटी घेऊन हॅनफर्डला जायचं.

गसला पण फोन केला. "बरं," म्हणाला. एवढंच. मला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल. इतकी वर्षं माझ्यामुळे गप्प बसला बिचारा.

१ मे, रविवार

काय लिहू?

हर्शेलने पाटी भिंतीवरून काढून, पुसून टेबलावर ठेवली होती. उंदराचं तोंड किती वर्षांनी दिसलं. हर्शेल टाय लावून आला होता! म्हणाला, "रॉयस टॅकेटची पाटी. हात."

त्याचा वर. माझा वर. खांदा दुखतो, तरी वर केला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

गसचे हात टेबलावरच.

हर्शेल म्हणाला, "गस, झोपलास का? हात."

"नाही."

"नाही काय? नॅडीनचं जे, तेच तुझं ना?"

"तिचं नाही होतं तोवर."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे बघितलं, तसं काही नव्हतं. हर्शेल ओरडला, हात जोडले, "माणूस मरतोय रे!" म्हणाला. गसने किल्ल्या उचलल्या, डोनटचं खोकं माझ्याकडे सरकवलं आणि निघून गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते, माझ्या एका हातावर सगळं अडलंय. हा माझ्या हाताआड बसला होता!

हर्शेल म्हणाला, "आपण तशीच नेऊन देऊ, कोण विचारतंय?" मी नाही म्हटलं. चोरून दिलेली पाटी काय कामाची? रॉयसला पण ते कळलं असतं.

३ मे

गस फोन उचलत नाही. त्याला काय अधिकार? भाऊ माझा! आईने डोळे मिटेपर्यंत रडून काढलं. मी काढलं. आणि मी माफ केल्यावर हा कोण नाही म्हणणारा?

पुन्हा फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

५ मे

रॉयस गेला. पहाटे.

लॉर्नाने स्वतः कळवलं. मी म्हटलं, "पोरी, मला माफ कर, पाटी..." ती म्हणाली, "जाऊ द्या, मिस नॅडीन. तुम्ही येऊन गेलात, ते सगळ्या नर्सना सांगत होते. ड्यूईची बहीण आली होती, खुर्चीत बसली होती."

गसचं तोंड पुन्हा बघायचं नाही. माझ्यापुरता मेला तो.

६ मे

गस आला होता. दारातच उभा राहिला, टोपी हातात. मी आत ये म्हटलं नाही.

म्हणाला, "बेदाण्याचा हंगाम संपला की आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला जाणार होतो. मी आणि ड्यूई."

"शर्यतीला?"

"राहायला. दोघंच. कायमचं."

मग म्हणाला, "त्या दिवशी सगळा गाव तुमच्याकडे जेवण घेऊन आला. मी घरी गेलो. बाप म्हणाला, ओले कपडे वाळत टाक आणि लवकर झोप, उद्यापासून द्राक्षं तोडायची आहेत. मला कुणी काही विचारलंच नाही, नॅडीन. रविवारी तुमच्याकडे यायचो, त्याच्या खोलीत बसायला मिळायचं म्हणून. लोकांना वाटलं, तुझ्यासाठी. मी वाटू दिलं."

"मलाही तेच वाटलं होतं, गस."

"माहीत आहे."

त्याला आत घेतलं. ताट वाढलं. दोघंही जेवलो नाही. ड्यूईचा हात आम्ही भलत्याच माणसाकडे दिला होता.