शकूताईच्या लघवीचा रिपोर्ट

१२ फेब्रुवारी २००५
हंगाम ऐन भरात आणि शकूताई पुन्हा आजारी. लघवीला जळजळ, आता थंडी वाजून ताप, कंबर धरून बसते. पिंपळगावच्या आमच्या पॅकहाऊसात द्राक्षं भरणाऱ्या चाळीस बायकांची ती मुकादम. मी हमाल होतो तेव्हापासूनची ओळख. ऑफिसातल्या डब्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या दिल्या, नेहमीसारख्या. म्हणाली, "भाऊ, यांच्यानं आता काय होत नाय."

१४ फेब्रु.
ताप हटेना. डॉक्टरीणबाईंकडे नेलं.
"गोळ्या कोणी दिल्या?"
"मीच." (ऐटीत!)
"किती?"
"दोन. कधी तीन."
त्यांनी पेन खाली ठेवलं. लघवी कल्चरला, म्हणजे कुठले जंतू नि कुठलं औषध चालेल ते तपासायला, नाशिकला गेली. तीन दिवस थांबा म्हणे.

१५ फेब्रु.
टेबलांमागून उगाच हिंडलो, कान उघडे ठेवून. शेठने, म्हणजे मीच, दिलेल्या दोन गोळ्या चौघी वाटून घेतात! "तुला लय जळजळतंय ना, घे माझी अर्धी." आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. का, तर संडास एकच, तोही ड्रायव्हरांच्या शेडपाशी. मला कोणी सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं? द्राक्षांना कोल्ड स्टोरेज, आणि बायकांना...

१७ फेब्रु.
रिपोर्ट आला. औषधांची यादी, पुढे आर, आर, आर. म्हणजे जंतू दाद देत नाहीत. आमच्या गोळीपुढेही आर. चालणारी दोनच, दोन्ही इंजेक्शनं.
म्हटलं, बाई, द्राक्षाच्या वेलीवर भुरी रोग पडतो, त्यावर तेच औषध सारखं मारलं की भुरी मरत नाही, तसं?
"तसंच. पण बागेवर तुम्ही फवारा पुरता मारता. इथे अर्धाच मारलात."
जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. रोज एक, सात दिवस, एकही चुकवायचं नाही. "ही दोन्ही चालेनाशी झाली, तर माझ्या हातात काही नाही." पहिलं आजच दिलं.

१९ फेब्रु.
बायकांसाठी वेगळा संडास बांधायला काढलाय; गवंडी म्हणतो, विटा पुढच्या आठवड्यात. त्याच्यावर ओरडलो, नाहक.
टेबलावरची रखमा आली. "शेठ, दोन गोळ्या द्या ना."
"नाही. दवाखान्यात जा."
"बुडालेला रोज कोण भरून देणार? शकूताईला जीप, आम्हाला उपदेश!"
खरंच आहे.

२१ फेब्रु.
सकाळी टेबलाशी शकूताई! हातात कात्री, भराभर घड छाटतेय. चार इंजेक्शनं झाली, ताप गेला, म्हणून आली.
"अजून तीन राहिलीत."
"बरं वाटतंय की, भाऊ. कंटेनर आज भरायचा हाय ना?"
"खड्ड्यात गेला कंटेनर. जीपमध्ये बस."
"इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात, बरं वाटलं की औषध बंद. आता काय नवीन काढलंत?"
बायका खिदळल्या. मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. तिने शेजारणीची उचलली.
जीप दारात चालू ठेवलीय. दवाखाना एकला बंद होतो. साडेबारा वाजले. अजून छाटतेच आहे.