अम्मीच्या श्वासाचं सामान

अब्बा,

अम्मीला जहाजात बसवून आणलं. मुंबईहून गोव्यापर्यंत आणि परत. तुम्हाला हे मराठीत लिहितेय, त्याचं हसू येईल तुम्हाला. पण उर्दू मला वाचण्यापुरतीच येते, लिहिताना हात अडखळतो. आणि तुम्ही तरी कुठे उर्दू बोलायचात? दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी आणि घरी आल्यावर दोन्हींची खिचडी. अम्मी तर आसेगावची, मराठी शेजारात वाढलेली, तिचं प्रेमही वऱ्हाडीत आणि रागही. तेव्हा चालेल.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी कामरगावच्या शाळेत शिकवते आणि अम्मी माझ्याजवळ असते. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलं नाही, तिला स्वतःच्या आईसारखं सांभाळतात. तिची फुप्फुसं मात्र धुरानं गेली. चुलीपुढे बसून पऱ्हाट्या आणि तुराट्या फुंकण्यात तिची तीस वर्षं गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गॅस घरात आला तेव्हा उशीर झाला होता. गेली पाच वर्षं तिच्या नाकात नळी असते. पलंगाशेजारी एक यंत्र घुरघुरत असतं, ते खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून तिला देतं. कामरगावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा ठेवलेला आहे. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा मी दारातच थबकले. काळाकुळकुळीत, खांद्याएवढा, अगदी तुमच्या दुकानातल्यासारखा. फक्त दवाखान्याच्या सिलिंडरची मान पांढरी असते.

मालेगावचं आपलं वेल्डिंगचं दुकान अजून नाकात आहे माझ्या. वाशीम रोडवर पत्र्याचं छप्पर, कार्बाइडचा तो उग्र वास, आणि मागच्या भिंतीला कार्बाइडच्याच गाळाची सफेदी. शाळा सुटली की मी तिथे येते, दप्तर काम ठेवायच्या लोखंडी घोड्यावर टाकते, आणि तुम्ही काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणता, "आली का मास्तरीन?" मी तेव्हा तिसरीत. मास्तरीण होईन हे तुम्हाला कसं कळलं, कोण जाणे. सूर्याला ग्रहण लागलं तेव्हा तुम्ही तुमच्या चष्म्याची एक काच काढून रुमालात बांधून मला दिली होती. त्या दिवशी आख्ख्या गल्लीची रांग लागली माझ्यापुढे, आणि मी एकेकाला मोजून दहा अंकांपर्यंत सूर्य दाखवला. दुसरी कुठलीही भेट मला इतकी मोठी वाटली नाही.

लग्नाआधी दोन वर्षं तुम्ही मुंबईच्या गोदीत वेल्डिंग केलं होतं. भाकरी मोडता मोडता तुम्ही त्या गोष्टी सांगायचात. "जहाज म्हंजे काय सांगू, आख्खं मालेगाव उचलून पान्यावर ठेवलं असं समज." अम्मी तव्यावरून मान न उचलता विचारायची, "तुमी बसले काय त्यात?" तुम्ही म्हणायचात, "आमी जोडलं. बसले दुसरे." मग अम्मी पुढची भाकरी तव्यावर टाकायची. मला वाटायचं, ही गोष्ट तिथे संपली.

ती संपली नव्हती. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी वह्या तपासत होते. यंत्र चालू होतं. अम्मी अचानक म्हणाली, "पोरी, मले जहाजात बसाचं हाय."

"अम्मी, तुले अंगणात जाता येत नाही धड."

"अंगनात कायले जाऊ? अंगन पाह्यलेलं हाय मी."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच. जावयाला पटवलं तिनं, मला विचारलंसुद्धा नाही. शेवटी आम्ही तिला वाशीमला डॉक्टरांकडे नेलं. अब्बा, खरं सांगते, डॉक्टर नाही म्हणतील म्हणून मी नेलं होतं. तसं त्यांनी आधी म्हटलंही. "आजी, समुद्रात काही झालं तर तिथं मी नसणार." अम्मीनं नळी नीट केली आणि म्हणाली, "बाप्पा, कामरगावातही तुमी नसताच की." डॉक्टर हसले. मग त्यांनी तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, बोटाला चिमटा लावून आकडे पाहिले, आणि पत्र लिहून दिलं.

नंतरचे दोन महिने मी फोनवर काढले. जहाजाच्या कंपनीतली मुलगी गोड हिंदीत सांगायची, पण दर वेळी नवीन काहीतरी निघायचं. जहाजावर ऑक्सिजन मिळणार नाही, तो आपलाच आणायचा. सिलिंडर नको, यंत्र चालेल. यंत्र चालेल, पण त्याची माहिती आधी पाठवा. डॉक्टरांचं पत्र परत आलं, कारण मिनिटाला किती लिटर ते त्यात लिहिलं नव्हतं. मी पुन्हा वाशीमला गेले. मग केबिनमध्ये पलंगाजवळ प्लग आहे का ते विचारलं, तर उत्तर यायला चार दिवस. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या पिंपळाखाली उभी राहून बोलत असायचे. एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, जहाज घेऊन राह्यल्या काय विकत?"

अकोल्याला एका दुकानात प्रवासाचं लहान यंत्र भाड्यानं मिळालं. दप्तराएवढं, खांद्याला लावता येणारं, बॅटरीवर चालणारं. चार बॅटऱ्या घेतल्या. दुकानदार शांतपणे एकेक गोष्ट शिकवत होता. अम्मीनं सवयीनं पिशवीतून खोबरेल काढलं आणि नळीनं सोललेल्या नाकाला लावायला बोट पुढे नेलं. मी तिचा हात असा काही पकडला की ती दचकली. दुकानदार म्हणाला, "बरोबर केलं ताई. ऑक्सिजनजवळ तेल नको. तुम्ही नर्स आहात का?"

मी नर्स नाही, अब्बा. मी ती मुलगी आहे जिनं दहा वर्षांची असताना तुमच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचा घट्ट बसलेला व्हॉल्व्ह पाहून, तुमचे कष्ट कमी व्हावेत म्हणून, त्याला शिलाई मशीनचं तेल लावलं होतं. तुम्ही भट्टीकडून धावत आलात. मला दंडाला धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलंत आणि माझ्या तोंडावर ओरडलात, "तेलाचा हात इथं लावला तं दुकान उडून जाईन! तू उडून जाशीन!" मी रडले, ते ओरडण्यापेक्षा तुमच्या चेहऱ्यामुळे. तो रागाचा चेहरा नव्हता. घाबरलेला होता. तुम्हालाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. नंतर तुम्ही साबणानं माझे हात स्वतः धुतलेत, कोपरापर्यंत, नखांतलंसुद्धा. संध्याकाळी मला सायकलच्या दांड्यावर बसवून घरी आणलंत. अम्मीला यातलं काही सांगितलं नाहीत. अकोल्याच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा तिला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं. त्या दिवशी जेवले नव्हते थे."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मालेगावजवळून समृद्धी महामार्ग जातो आता, सरळ मुंबईकडे. गाडीतच यंत्र चार्जिंगला लावलं होतं. अम्मी खिडकीशी बसून वाटभर सोयाबीन काढून झालेली रानं पाहत होती, आणि दर अर्ध्या तासानं विचारत होती, "समुद्र आला काय?" इगतपुरीच्या आधीपासूनच.

बंदरावर मात्र घोळ झाला. तपासणीच्या रांगेत एका साहेबानं बॅटऱ्यांची पिशवी बाजूला काढली. एवढ्या बॅटऱ्या आत जाणार नाहीत म्हणाला. मी परवानगीचा कागद आणि डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यानं ते आधार कार्डाशी ताडून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांच्या पत्रात अम्मीच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. "पेशंट हीच आहे कशावरून?" तिच्या नाकात नळी होती, अब्बा, आणि तो विचारत होता कशावरून. आम्हाला एका बाजूला बसवलं. लोक बॅगा ओढत पुढे जात होते. यंत्रातली बॅटरी संपत आली आणि ते टिकटिक वाजायला लागलं. बाकीच्या तीन साहेबाच्या टेबलावर. तुमचे जावई प्लग शोधत धावले, त्यांना पाण्याच्या मशीनमागे एक सापडला, तिथे अम्मीची चाकाची खुर्ची भिंतीला चिकटवून लावली. तिचे ओठ थोडे निळसर दिसायला लागले होते की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मी म्हटलं, "अम्मी, चल घरी जाऊ."

ती म्हणाली, "काहून?"

एवढंच. मग तिनं त्या साहेबाला हातानं जवळ बोलावलं. तो आला, का कोण जाणे. "साहेब, माह्या मालकानं इथंच काम केलं. दोन वर्सं जहाजं जोडले. मी काही चोरून नाही नेऊन राह्यली, मी फक्त श्वास घेऊन राह्यली. वर फोन करून तं पाहा." त्याला किती समजलं माहीत नाही. पण त्यानं फोन केला. वीस मिनिटांनी जहाजावरची नर्स खाली आली. तिच्या हातातल्या यादीत केबिनचा नंबर, यंत्राचं नाव, मिनिटाला दोन लिटर, पलंगाजवळ प्लग, सगळं लिहिलेलं होतं. त्या गोड हिंदीवाल्या मुलीनं माझा एकेक फोन नोंदवून ठेवला होता. नर्स अम्मीकडे पाहून म्हणाली, "ऑक्सिजनवाली नानी आप ही हैं ना? हम राह देख रहे थे." तेव्हा मी रडले. बॅटऱ्या परत देताना साहेबानं अम्मीला सलाम केला.

जहाजात शिरताना अम्मीनं खुर्ची थांबवायला लावली आणि दाराजवळच्या लोखंडी भिंतीवरून हात फिरवला. "जोड दिसत नाही कुठीच," ती म्हणाली. "चांगलं काम हाय." मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मागची माणसं खोळंबली होती.

आणि मग समुद्र. त्याबद्दल काय लिहू? दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघी वरच्या डेकवर बसून होतो, यंत्र आमच्या मधे. अम्मीनं मला तिच्या आसेगावच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. एवढ्या ताटल्या कोण धुते, हे तिनं वेटरला विचारलं, आणि खाली मोठं मशीन आहे कळल्यावर तिला फार समाधान वाटलं. संध्याकाळी गाणी होती, तिनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वाऱ्यानं माझी ओढणी उडाली आणि एका अनोळखी बाईनं ती धावत जाऊन पकडली. आम्ही तिघी किती तरी वेळ हसत होतो. केबिनमध्ये परत आलो तेव्हा एक बॅटरी अजून शिल्लक होती.

आता घरी आहोत. यंत्र अकोल्याला परत दिलं. अम्मी शेजारणींना जहाज सांगून राहिली आहे, रोज थोडं मोठं करून. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय वही मिटत नाही. तुम्ही गेल्यापासून तुमची आठवण आली नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. त्या डेकवर मात्र, सकाळपासून झोपेपर्यंत, तुम्ही एकदाही माझ्या मनात आला नाहीत. हे घरी आल्यावर लक्षात आलं. आणि अब्बा, मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.