पिपचं नाव शाईने लिहिलं आहे

यिके,

शाळेतून आलीस की आधी काळा पाव आणि चीज खा, मग कामाला लाग. मी सायकलने प्राण्यांच्या आश्रयगृहात गेले आहे. पिप या आपल्या नव्या मांजराला शनिवारी परत द्यायची जी वेळ तुझ्या बाबाने परस्पर ठरवली, ती रद्द करून येते.

पहिल्याच दिवशी त्याने दोन्ही मांजरं एका खोलीत सोडली, म्हणून आपल्या ब्रामचा कान ओरबाडला गेला. त्यात पिपची चूक नाही. काल मी हे बोलले तर म्हणतो, "आई, हा काय बालवर्ग आहे?" मी म्हटलं, "हो, आहे. तूही मी शिकवायचे त्याच बालवर्गात होतास, आणि पहिला आठवडाभर टेबलाखालून बाहेर आला नाहीस."

तर मधलं दार बंदच ठेव. अलीकडे ब्रामची ताटली, पलीकडे पिपची. काल दोन्ही दारापासून चार विती लांब होत्या, आज तीन ठेव. ब्राम फिस्कारला तर त्याला रागावू नकोस. तो फक्त "लांब राहा" म्हणतोय. जेवण सोडून उठला, तर ताटल्या पुन्हा चार वितींवर ने. आपल्याला घाई नाही.

बाबा चिडला तर ही चिठ्ठी त्याच्या हातात दे, आणि संडासात टांगलेलं, दरवर्षी तेच चालणारं घरच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर बघायला सांग. मार्चच्या पानावर मी पिपचं नाव शाईने लिहिलं आहे. त्या कॅलेंडरवरून आपल्या घरात कुणाचं नाव खोडत नाहीत. तुझी आई घर सोडून गेली, तरी तिचंही त्याने खोडलेलं नाही.

आजी