बत्तीस नंबरची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! अठरा वर्षांनी अंगावर पुन्हा गणवेश चढला. पोटावरचं बटण काही केल्या लागेना, तेव्हा कपड्यांच्या कोठीतल्या कारकुनाने न विचारताच एक माप मोठा सदरा पुढे सरकवला. सत्तेचाळिसाव्या वर्षी आणखी कसली अब्रू राखायची? पण खरं सांगतो, छाती फुगली. लढाई सुरू झाल्यापासून हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलून देताना माझी मलाच लाज वाटत होती. देशाला माणसं हवीत आणि मी काउंटरमागे बसलोय, हे मनाला पटेना. बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, देशाला तुमच्या गुडघ्यांचं काय लोणचं घालायचंय? लेक मात्र बसपर्यंत सोडायला आली आणि रडली. दर रविवारी फोन करीन आणि पहिली सुट्टी मिळाली की थेट घरी येईन, असं तिला कबूल केलंय.

बराकीत चाळीस खाटा. सगळे माझ्यासारखेच परत आलेले, टकले नाहीतर ढेरपोटे. इथे नावाची गरज पडत नाही, हजेरीला नंबरच पुकारतात. मी एकतीस. शेजारच्या खाटेवरचा बत्तीस हा एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. माणूस लाखातला, घोरतो मात्र ट्रकसारखा.

८ नोव्हेंबर, शनिवार

कवायतीने हाडं खिळखिळी झाली, तरी मजा येतेय. मास्तरांची आणि माझी चांगलीच गट्टी जमलीय. आज त्यांना घरून पत्र आलं, बायको अंथरुणाला खिळलीय. सुट्टी मागितली तर नकार मिळाला. संध्याकाळच्या हजेरीनंतर मागच्या भिंतीवरून उतरून, कालवा ओलांडून जातो आणि उद्या दुपारी परत येतो म्हणाले. सकाळी त्यांच्या नंबराला मी ‘हजर’ म्हणायचं. त्यात काय एवढं? तरुणपणी आम्ही सर्रास करायचो. टोपी पुढे ओढायची, आवाज बदलायचा. हजेरी घेणारे सुभेदार वहीतून मान वर काढत नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

दोनदा हजर झालो. एकदा माझ्या आवाजात, एकदा घसा खरवडून काढलेल्या घोगऱ्या आवाजात. सुभेदारांनी दोन्ही खुणा केल्या. हसू आवरताना पुरेवाट झाली.

दुपार टळली, मास्तर आले नाहीत. संध्याकाळीही मीच आवाज दिला. घरी फोन केला. बायको दोनच शब्द बोलली, पण सुट्टी कधी ते विचारलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कालव्याच्या जाळीत प्रेत सापडलं. चेहरा राहिला नव्हता. पण उजव्या अंगठ्याच्या नखात निळा रंग होता, तो मी रोज जेवताना बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, शनिवारी संध्याकाळीच बुडाला असणार. कचेरीत वही उघडली. बत्तीस नंबर रविवारी हजर, सोमवारी हजर, मंगळवारी हजर. तिन्ही दिवस आवाज माझाच. म्हणजे हा आपला माणूस नव्हेच. अनोळखी म्हणून भिंतीमागे पुरलं. मास्तरांच्या घरी कोणी कळवणार नाही. ती बाई अंथरुणावर पडून वाट बघत राहणार.

बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण लढाईच्या दिवसांत खोटी हजेरी म्हणजे खटला, हकालपट्टी. लेकीला कोणतं तोंड दाखवू? गप्प बसलो. देशासाठी मरायला आलेला मी एका वहीला घाबरलो.

संध्याकाळी बत्तीस पुकारला, तेव्हा मी तोंड घट्ट मिटून उभा होतो. तरी शेजारच्या रिकाम्या जागेतून ‘हजर’ आलं. मास्तरांचा आवाज नव्हता तो. मी काढला होता, तो घोगरा आवाज.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारची खाट ओली. गादी पिळली तर पाणी निघतं. आचारी त्या जागेवर थाळी ठेवतो. थोड्या वेळाने थाळी रिकामी असते. कोणालाच काही वाटत नाही.

सुभेदारांकडे गेलो. सगळं सांगून टाकलं, अक्षर न लपवता. त्यांनी वही माझ्यापुढे फिरवली. बत्तीस हजर आहे, तुझंच डोकं ठिकाणावर नाही, म्हणाले. कीव आली असावी. उद्यापासून दोन दिवसांची सुट्टी लिहून दिली.

घरी गेलो की बायकोच्या पाया पडेन. परत येणार नाही. होऊ दे काय व्हायचं ते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी फाटकापाशी सुट्टीवाल्यांचे नंबर पुकारले. एकतीस. मी तोंड उघडायच्या आत मागून ‘हजर’ — माझा आवाज. घोगरा नव्हे. माझा, रोजचा, घरातला.

कारकुनाने परवाना माझ्या खांद्यावरून पलीकडे दिला. परवाना घेऊन तो पुढे गेला. माझी पिशवी, माझी चाल, उजवा गुडघा जरा ओढत. मागे ओली पावलं. बसमध्ये चढला.

धावलो. पहारेकऱ्याने अडवलं नाही. बघितलंच नाही. बस गेली —

दुसरी बस थांबलीच नाही. हात करत राहिलो.

१६, रविवार

थाळी नाही. ओरडतो, कोणी मान वळवत नाही.

फाटकाजवळच्या फोनवरून घरी लावला. लेकीने उचलला. हाका मारल्या — तिला ऐकू जाईना. कोणी बोलतच नाही, असं तिने आत सांगितलं. मागे बायको हसत होती. किती महिन्यांनी हसली अशी. बरं झालं, परत जायचं नाही असं कबूल केलंत, म्हणत होती. लेक लाडाने ओरडली, बाबा, खुर्ची परत ओली केलीत, आणि हात किती गार आहेत तुमचे —

मग फोन त्याने घेतला. कोण बोलतंय, विचारलं. माझ्या आवाजात, अगदी सभ्यपणे. मी नाव सांगायला तोंड उघडलं — आणि निघाला तो घोगरा —

फोन ठेवला त्याने.

तोंडून निघत नाही. लिहून तरी ठेवतो. हात अजून माझा आहे. कोणी वाचलं तर माझ्या घरी जा, लेकीला त्याच्यापासून — आधी नाव. माझं नाव बत्ती— नाही. नाही. माझं नाव